मेलेल्या जनावराचा पंचनामा होतो, न झालेल्या वासराचा होत नाही: बीडच्या गोठ्यातलं जन्मदराचं गणित नेमकं काय आहे?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीड जिल्ह्यात सिंदफणा आणि गोदावरीकाठच्या गावांत पाणी शिरलं. शेतं खरवडली गेली, दावणीला बांधलेली जनावरं वाहून गेली. मग पंचनामे सुरू झाले.

मदतीचे दर ठरलेले आहेत. दुधाळ जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये, ओढकामाचं जनावर गेलं तर ३२,००० रुपये. आधी ही मदत जास्तीत जास्त तीन मोठ्या जनावरांपुरती मिळायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने पॅकेज जाहीर करताना ही मर्यादा काढून टाकली.

म्हणजे मेलेल्या जनावराची नोंद होते, फोटो निघतो, तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकारी सही करतात.

पण त्याच गावात एखादी गाय गोठ्यात धडधाकट उभी असते. ती वैरण खाते, पाणी पिते आणि दीड-दीड वर्ष गाभण राहत नाही. तिचा पंचनामा कुणी करत नाही. जे वासरू जन्मायला हवं होतं आणि जन्मलंच नाही, त्याची नोंद कुठल्याच कागदावर नसते. कित्येकदा ती मालकाच्या डोक्यातही नसते.

हे नुकसान मोजता येतं आणि त्यासाठी लागतं ते साधं शाळेतलं गणित. ते कसं करायचं, बीडसारख्या जिल्ह्यात ते कुठे चुकतं आणि सरकारी योजनांचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे समजून घेऊया.

जन्मदर म्हणजे काय? आणि तो कशाने भागायचा?

'यंदा आमच्याकडे चार वासरं झाली' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. पण चार म्हणजे चांगले की कमी, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी चारला कशाने तरी भागावं लागतं.

समजा, केज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात १२ जनावरं आहेत. त्यात ५ व्यालेल्या गायी, माजावर येणारी १ कालवड, २ बैल आणि ४ लहान-मोठी वासरं. वर्षभरात ४ गायी व्याल्या.

४ भागिले १२ केलं तर उत्तर येतं ३३ टक्के. पण बैल वीत नाहीत आणि दूध पिणारी वासरंही वीत नाहीत. त्यामुळे १२ ने भागणं चुकीचं आहे.

बरोबर पद्धत अशी: वर्षात जन्मलेली जिवंत वासरं, भागिले प्रजननक्षम माद्या, गुणिले १००. इथे प्रजननक्षम माद्या ६ आहेत, म्हणजे ५ गायी आणि १ कालवड. म्हणून जन्मदर आला ६७ टक्के.

आता यातलं एक वासरू महिनाभरात हगवणीने दगावलं. हाती राहिली ३. त्यांना ६ ने भागलं की उत्तर ५० टक्के येतं. शेतकऱ्याच्या खिशाशी संबंध असतो तो या दुसऱ्या आकड्याचा.

वर्षाच्या मध्येच जनावरं विकली किंवा विकत घेतली, तर १ जानेवारीला किती माद्या होत्या आणि ३१ डिसेंबरला किती, यांची सरासरी काढून त्या आकड्याने भागायचं. हिशोब पाडव्यापासून धरला तरी चालतो. फक्त दरवर्षी तोच दिवस धरायला हवा, नाहीतर दोन वर्षांची तुलना होत नाही.

दोन वेतांतलं अंतर हा खरा आरसा

गोठ्यात दोन-तीनच गायी असतील तर टक्केवारीचा फारसा उपयोग होत नाही. एक गाय इकडची तिकडे झाली की आकडा धाडकन बदलतो. लहान शेतकऱ्यासाठी जास्त उपयोगी मोजमाप म्हणजे एकाच गायीच्या दोन वेतांमधलं अंतर.

गाय नऊ महिने नऊ दिवस गाभण असते, म्हणजे साधारण २८३ दिवस. म्हशीचे दहा महिने दहा दिवस, म्हणजे ३१० दिवस. हा काळ कमी-जास्त करणं कुणाच्याच हातात नाही.

हातात असतो तो विल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतचा काळ. व्यालेल्या गायीचं गर्भाशय पूर्ववत व्हायला दीड ते दोन महिने लागतात. त्यानंतर ती माजावर आली, भरवली आणि ९० दिवसांच्या आत गाभण राहिली, तर ९० अधिक २८३ म्हणजे ३७३ दिवसांनी ती पुन्हा विते. जवळपास वर्षाला एक वासरू.

हे अंतर वाढत गेलं की काय होतं ते पाहा. १० गायी धरल्या तर:

१३ महिन्यांचं अंतर: वर्षाला सरासरी ९ वासरं
१५ महिन्यांचं अंतर: वर्षाला ८ वासरं
१८ महिन्यांचं अंतर: वर्षाला साडेसहा ते सात वासरं
२४ महिन्यांचं अंतर: वर्षाला फक्त ५ वासरं

गायी तेवढ्याच, गोठा तोच, राबणारे हातही तेच. वासरं मात्र जवळपास निम्मी.

आता याला रुपयांत बसवू. १८ महिन्यांचं अंतर म्हणजे ती गाय विल्यानंतर सुमारे २६५ दिवसांनी गाभण राहिली. ९० दिवसांच्या तुलनेत १७५ दिवस जादा गेले. गायीचा रोजचा खर्च १५० रुपये धरला, तर हे झाले २६,२५० रुपये. त्यातल्या काही दिवसांत गाय दूध देत असते, त्यामुळे सगळाच पैसा पाण्यात जात नाही. पण वेताचे महिने सरत जातात तसं दूधही आटत जातं.

याच हिशोबाने २५० दिवसांचा खर्च ३७,५०० रुपये होतो. म्हणजे एक गाय २५० दिवस रिकामी सांभाळायला जेवढा पैसा लागतो, तेवढीच मदत सरकार दुधाळ गाय दगावल्यावर देतं.

एक माज हुकला की २१ दिवस गेले

गाय गाभण नसेल तर साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. तेवढ्यात लक्षात आलं नाही, तर पुढची संधी तीन आठवड्यांनी. असे तीन माज हुकले की दोन महिने गेले.

माजाची लक्षणं बहुतेक पशुपालकांना माहीत असतात. गाय हंबरते, अस्वस्थ होते, दूध चोरते, दुसऱ्या जनावरावर चढते किंवा दुसरं चढलं तर स्थिर उभी राहते, काचेसारखा पारदर्शक चिकट सोट टाकते. पण यातली बरीच लक्षणं रात्री आणि पहाटे जास्त दिसतात. उन्हाळ्यात ती मंदावतात. म्हशींमध्ये तर मुका माज ही कायमची तक्रार असते. म्हैस माजावर असते, पण ओरडत नाही.

माज दिसला की भरवायचं कधी, याचा साधा नियम आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज दिसल्या दिसल्या किंवा तो उतरून गेल्यावर कांडी भरली तर ती बहुधा वाया जाते.

इथे एक छोटं गणित आहे आणि ते फार थोड्या लोकांना सांगितलं जातं. गाय गाभण राहण्यासाठी दोन गोष्टी जमून याव्या लागतात. माज ओळखला जायला हवा आणि भरवल्यावर गर्भ राहायला हवा. भारतात कृत्रिम रेतन केलेल्या १०० जनावरांपैकी ढोबळमानाने ३५ ते ४० गाभण राहतात.

समजा १०० माजांपैकी ५० च लक्षात आले आणि गर्भ राहण्याचं प्रमाण ३५ टक्के आहे. तर ०.५० गुणिले ०.३५ म्हणजे १७.५ टक्के. थोडक्यात, भरवायला तयार असलेल्या १० गायींपैकी २१ दिवसांत दोनसुद्धा गाभण राहत नाहीत. तीन माज म्हणजे ६३ दिवस गेल्यावर १० पैकी साधारण ४ गाभण असतात.

आता कांडी तीच, डॉक्टरही तेच. फक्त ५० ऐवजी ७० माज ओळखले गेले. मग २१ दिवसांचं प्रमाण साडेचोवीस टक्क्यांवर जातं आणि ६३ दिवसांनी १० पैकी ५ ते ६ गायी गाभण असतात. हा फरक पडला तो फक्त गोठ्याकडे जास्त वेळा पाहिल्यामुळे. त्यासाठी औषध लागलं नाही की महागडी वीर्यमात्राही.

बीडमध्ये माज बघायला घरी असतं कोण?

इथे बीडचा प्रश्न इतर जिल्ह्यांपेक्षा वेगळा होतो.

दिवाळीच्या आसपास जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावात राहतात ती म्हातारी माणसं आणि काही ठिकाणी शाळकरी मुलं. बैलगाडीवाले असतील तर बैल सोबत जातात. गाय-म्हैस घरी राहते, नाहीतर भावकीत कुणाकडे तरी बांधली जाते.

म्हशीचा प्रजननाचा मुख्य हंगाम पावसाळा सरल्यापासून हिवाळा संपेपर्यंतचा. दिवस लहान आणि हवा थंड असते तेव्हा म्हशी जास्त माजावर येतात. म्हणजे म्हशीच्या माजाचे महिने आणि ऊसतोडीचे महिने जवळपास एकच आहेत. पहाटे उठून मुका माज ओळखू शकणारी माणसं नेमकी त्याच वेळी फडात असतात.

दुसरं कारण दुष्काळ. २०१९ मध्ये राज्यातल्या सर्वाधिक चारा छावण्या बीड जिल्ह्यात होत्या. छावणीत जनावर जगतं, पण नुसतं जगण्यापुरतं खाणं मिळालं तर ते माजावर येत नाही. शरीर आधी स्वतःला सांभाळतं, मग दूध देतं आणि सगळ्यात शेवटी गर्भाचा विचार करतं. हाडं वर आलेली गाय पान्हा चोरते, तसाच माजही चोरते.

म्हणून दुष्काळाचा फटका त्याच वर्षी संपत नाही. एप्रिल-मे मध्ये हुकलेला माज पुढच्या वर्षीच्या न झालेल्या वासराच्या रूपाने दिसतो. तोवर पाऊस पडलेला असतो, छावण्या बंद झालेल्या असतात आणि दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही.

पूरानंतरही हेच होतं. भिजलेला, बुरशी आलेला कडबा जनावरांपुढे टाकला जातो, हिरवी वैरण गाळाखाली गेलेली असते. सप्टेंबर २०२५ च्या पुराचा परिणाम २०२६ च्या वेतांवर दिसू शकतो, तो याच कारणाने. या काळात रोजच्या खुराकात खनिज मिश्रण घालणं आणि जंतनाशक देणं हे सगळ्यात स्वस्त उपाय आहेत.

गर्भ राहतो, पण टिकत नाही

कधी माज ओळखला जातो, गाय गाभणही राहते आणि सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते. असं झालं की सगळ्यात आधी ब्रुसेलोसिसची शंका घ्यायला हवी.

हा जिवाणूजन्य रोग आहे आणि तो माणसालाही होतो. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढणं किंवा कच्चं दूध पिणं यातून तो येऊ शकतो. अंगात मुरलेला ताप आणि सांधेदुखी अशी त्याची लक्षणं असल्याने निदान होईपर्यंत महिने जातात. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात यावर लस दिली जाते. ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना आणि आयुष्यात एकदाच द्यायची असते. हे वय निघून गेलं की संधी गेली.

दुसरा धडा लम्पीचा. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा दगावलेल्या गायीसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत देण्यात आली. पण लम्पीतून वाचलेल्या गायींचं काय? या आजारात गर्भपात होतो, बऱ्या झालेल्या गायी काही काळ माजावर येत नाहीत, वळूंची प्रजननक्षमता कमी होते. हे नुकसान कुठल्याच यादीत आलं नाही.

गोऱ्हा झाला तर काय करायचं?

आता एक अवघड प्रश्न. जन्मदर चांगला आला, पण जन्मलेली निम्मी वासरं नर असतात. त्यांचं काय?

पूर्वी हा प्रश्न नव्हता. गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल. मग ट्रॅक्टर आले. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या गोवर्गातले नर २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेले दिसले, तर माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या. संकरित गायीच्या गोऱ्ह्याला खांदा नाही, बाजार नाही. तो जन्मतो आणि बऱ्याचदा दुधावाचून मरतो.

यावर उपाय म्हणून लिंग वर्गीकृत वीर्यमात्रा आली. यात मादी वासरू होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. हे तंत्रज्ञान आधी परदेशी कंपन्यांकडून घ्यावं लागायचं. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिममध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देशी बनावटीच्या तंत्रज्ञानाचं उद्घाटन झालं. त्यामुळे एका मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं.

पण ९० टक्क्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. १०० वेळा भरवल्यावर ९० कालवडी होतील, असा तो नाही. आधी गर्भ राहायला हवा आणि या मात्रेने गर्भ राहण्याचं प्रमाण साध्या मात्रेपेक्षा थोडं कमी असतं. समजा साध्या मात्रेने १०० पैकी ३५ गायी गाभण राहिल्या, तर १७-१८ कालवडी मिळतात. वर्गीकृत मात्रेने ३० गाभण राहिल्या, तर २७ कालवडी मिळतात. फायदा आहेच. पण गाय अशक्त असेल, माजाची वेळ चुकली असेल किंवा ती वारंवार उलटत असेल, तर महागडी कांडीसुद्धा वायाच जाते. म्हणून ही मात्रा तब्येतीने चांगल्या कालवडींसाठी आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायींसाठी वापरावी, असं पशुवैद्यक सांगतात.

शिवाय बीडमध्ये सगळ्यांना कालवडच हवी असते असंही नाही. ऊस वाहतुकीसाठी बैलजोडी आजही लागते. लाल कंधारी ही मराठवाड्याची कष्टाळू, कमी चाऱ्यावर तग धरणारी जात. देवणी दूध आणि शेतीकाम दोन्हीला चालते. या जातींच्या चांगल्या गोऱ्ह्याला बाजारात मागणी आहे. अशा गायीला जर्सी किंवा होल्स्टीनची कांडी भरली तर दूध वाढेल, पण गोऱ्हा झाला तर त्याची किंमत जाईल आणि पुढच्या पिढीला दुष्काळ सोसणार नाही. लाल कंधारी आणि देवणीच्या जतनासाठी अंबाजोगाई तालुक्यातल्या साकूडमध्ये केंद्र उभारायचा निर्णय राज्य सरकारने घेतला, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणून भरवण्याआधीचा पहिला प्रश्न 'कुठली कांडी आहे?' हा नसावा. 'या गायीपासून मला काय हवंय, दूध की बैल?' हा असावा.

शेळीचं गणित वेगळं, आणि जास्त वेगवान

२०१२ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात गोवर्गाची संख्या सुमारे १० टक्क्यांनी घटून १ कोटी ४० लाखांच्या आसपास आली. त्याच काळात शेळ्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. कोरडवाहू भागातल्या लोकांनी कशाकडे मोर्चा वळवला, हे यातून दिसतं.

याचं कारण जन्मदरातच आहे. शेळी पाच महिन्यांत विते. व्यवस्थापन नीट असेल तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. मराठवाड्याच्या उस्मानाबादी शेळीला जुळी होणं नेहमीचं आहे. त्यामुळे इथे जन्मदर १०० टक्क्यांच्या वर जातो.

सरकारी योजनेतल्या १० शेळ्या आणि १ बोकड या गटाचं उदाहरण घेऊ. समजा एका वेतात १० पैकी ९ शेळ्या व्याल्या. ५ जणींना जुळी आणि ४ जणींना एकेक, म्हणजे एकूण १४ करडं. जन्मदर झाला १४० टक्के. त्यातली २ दगावली, म्हणजे जगलेली करडं १२. हा दर १२० टक्के.

आता हाच गट, तितकीच करडं, पण थंडीत आडोसा नव्हता, चीक वेळेवर पाजला नाही आणि ५ करडं गेली. उरली ९, दर ९० टक्के. जन्मदर दोन्हीकडे सारखाच आहे. पण एकाला विकायला ३ करडं कमी मिळाली, आणि करडांच्या जिवावरच हा धंदा चालतो.

शेळीपालनात आणखी एक चूक सर्रास होते. योजनेतून आलेला एकच बोकड वर्षानुवर्षं कळपात राहतो. पहिल्या वेतातल्या पाटी वर्षभरात माजावर येतात आणि त्यांच्यावर त्यांचाच बाप सुटतो. पुढच्या पिढीत करडं लहान जन्मतात, मरतुक वाढते, जुळी कमी होतात. दोष मात्र हवामानाला नाहीतर जातीला दिला जातो. यावर उपाय साधा आहे. दर दोन वर्षांनी बोकड बदलायचा किंवा शेजारच्या गावातल्या पशुपालकाशी अदलाबदल करायची. त्यासाठी विकाऊ नर करडं वेळेत वेगळी करायची.

जन्मदर वाढवण्याचा आणखी एक मार्ग फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दाखवला. दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. संस्थेने बंगालच्या सुंदरबन भागातल्या गरोळ मेंढीमधला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. पण जुळी झाली की आईला खुराक आणि कोकरांना देखभाल जास्त लागते. ती मिळाली नाही तर जुळ्यांचा फायदा पदरात पडत नाही.

सरकार काय करतंय? आणि फट कुठे आहे?

राज्याच्या पशुसंवर्धन मंत्री पंकजा मुंडे बीड जिल्ह्यातल्याच आहेत. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वीजदर, कर आणि कर्जाच्या व्याजात सवलतीचा मार्ग मोकळा झाला. हा दर्जा १०० पर्यंत दुधाळ जनावरं किंवा ५०० पर्यंत शेळ्या-मेंढ्या अशा मोठ्या आकारापर्यंतच्या प्रकल्पांना लागू होतो. पण बीडमधल्या दोन गायी आणि चार शेळ्यांच्या घराला वीजदरातल्या सवलतीने फारसा फरक पडत नाही. त्याला माज दिसल्यावर चार-सहा तासांत कांडी भरणारा माणूस दारात हवा असतो.

वीर्यमात्रांचा दर्जा राखण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये गोजातीय प्रजननाचं नियमन करणारा कायदा केला. कांडी कुठल्या वळूची आहे, ती नीट साठवली होती का, हे विचारण्याचा आधार त्यामुळे शेतकऱ्याला मिळाला. भरवल्यावर रिकामी कांडी मागून घ्यावी आणि तिच्यावरचा वळूचा क्रमांक उतरवून ठेवावा. पुढे त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला भरली जाऊ नये, यासाठी तो क्रमांक लागतो.

मग कानातला पिवळा बिल्ला. त्यावरचा १२ अंकी क्रमांक म्हणजे जनावराचं आधार कार्ड. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि सरकारी पशुवैद्यकीय सेवा बंद करण्याचा निर्णय झाला. या क्रमांकावर 'भारत पशुधन' प्रणालीत लसीकरण, रेतन, गर्भतपासणी आणि वेताची नोंद होऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली २१ वी पशुगणनाही मोबाइल अ‍ॅपवर झाली.

फट इथेच आहे. पशुगणना त्या दिवशी किती जनावरं आहेत हे सांगते. बिल्ल्याच्या नोंदीत रेतन झालं हे दिसतं. पण त्या रेतनातून वासरू झालं का, ते जगलं का, ही शेवटची नोंद कुणीतरी परत येऊन करावी लागते. रेतनांचा आकडा मोठा दिसला तरी १०० रेतनांमागे ३५ गाभण आणि त्याहून थोडी कमी वासरं, हे लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा.

वहीत लिहायच्या सहा तारखा

हे सगळं गणित करायला संगणक लागत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय किंवा मुलाची जुनी वही पुरते. प्रत्येक मादीसाठी सहा गोष्टी:

१. विल्याची तारीख आणि वासरू नर की मादी.
२. विल्यानंतर पहिला माज कधी दिसला. ६० दिवसांत दिसला नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.
३. भरवल्याची तारीख आणि कांडीवरचा वळूचा क्रमांक. इथून २१ व्या दिवशी खूण करायची. त्या दिवशी पुन्हा माज दिसला तर गाय उलटली.
४. दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणीचा निकाल. 'माजावर आली नाही म्हणजे गाभण असेल' हा सगळ्यात महागडा अंदाज आहे.
५. आटवल्याची तारीख. विण्याआधी दोन महिने दूध बंद.
६. वासरू तीन महिन्यांचं झालं का, की मध्येच गेलं.

तीनदा भरवूनही गाय उलटत असेल तर चौथी कांडी भरण्याआधी तपासणी करून घ्यायची. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. कुटुंब ऊसतोडीला जाणार असेल तर निघण्याआधी सगळ्या माद्यांची गर्भतपासणी करून घेतली, तर घरी राहणाऱ्या आजी-आजोबांना नेमकं कुठल्या जनावराकडे लक्ष ठेवायचं हे कळतं. १० ऐवजी दोनच जनावरांवर नजर ठेवणं त्यांना जमतं. भरवायच्या तारखांची खूण असलेलं कॅलेंडर आणि डॉक्टरांचा नंबर एवढं भिंतीवर असलं तरी पुरतं.

ही वही बाजारातही उपयोगी पडते. नेकनूर किंवा हिरापूरच्या बाजारात, आणि आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि रील्समध्येही, 'पाच महिन्यांची गाभण, दुसरं वेत' असं सांगून गायी विकल्या जातात. घेणाऱ्याने तिथे दोनच गोष्टी विचाराव्यात. बिल्ल्याच्या क्रमांकावर रेतनाची नोंद आहे का? आणि पैसे देण्याआधी डॉक्टरांनी तपासली तर चालेल का? ज्याच्याकडे तारखा लिहिलेल्या असतात, तो विकणारा या प्रश्नांना घाबरत नाही. त्याच्या गायीला चार पैसे जास्तही मिळतात.

पूर, दुष्काळ आणि रोगराई यांच्यावर शेतकऱ्याचा ताबा नाही. त्यांची मदत कधी मिळेल, किती मिळेल, यावरही नाही. हुकलेला माज मात्र पुन्हा २१ दिवसांनी येतो. त्या दिवशी वहीत खूण असेल तर तो दुसऱ्यांदा हुकत नाही.